"से अगेन" पुन्हा पुन्हा का म्हणावं लागतं? पायलट आणि एटीसी (हवाई वाहतूक नियंत्रण) यांच्यातल्या गैरसमजाचं निवारण

सोलो झालेला (एकट्यानं उडू लागलेला) कॅडेट असो, उजव्या सीटवर नव्यानं बसलेला फर्स्ट ऑफिसर असो की टॉवरमध्ये नुकतंच रेटिंग मिळालेला कंट्रोलर, तक्रार ठरलेली: "मी बरोबरच बोललो, समोरच्यानंच चुकीचं ऐकलं." त्यावर मिळणारा सल्लाही ठरलेला: "इंग्रजी सुधार." मग पैसे भरून स्पीकिंगचा क्लास लावला जातो आणि पुढच्या आठवड्यात तीच चूक पुन्हा होते. कारण दोष बहुतेक वेळा तिथे नसतोच. तो सैल प्लगमध्ये असतो, घाईनं सोडलेल्या बटणात असतो, आणि सर्वांत जास्त वेळा रीडबॅक (मिळालेली सूचना तशीच परत म्हणून दाखवणं) म्हणजे नुसता उपचार असं समजण्यात असतो. म्हणून इंग्रजीची तपासणी इथे शेवटाकडे ठेवली आहे.

क्रम असा आहे: आधी फुकटात आणि दोन मिनिटांत होणारं, मग सवय मोडायला लावणारं, आणि शेवटी परवानाधारक माणसाकडेच न्यावं लागणारं. वरची पायरी गाळून खाली उडी मारू नका. हेडसेटची पिन ढिली असताना फोनेटिक्स घोकून काही साधत नाही.

लक्षणं

- पहिल्या कॉलला उत्तर येत नाही, दुसऱ्याला येतं. किंवा टॉवर विचारतो, "स्टेशन कॉलिंग, से अगेन कॉलसाइन." (कॉलसाइन म्हणजे रेडिओवरचं विमानाचं नाव.)
- रीडबॅकनंतर "निगेटिव्ह, आय से अगेन" ऐकावं लागतं आणि चूक दर वेळी आकड्यातच निघते.
- दुसऱ्या विमानाची सूचना तुम्ही उचलता, किंवा तुमची दुसराच कोणी उचलतो.
- भर गर्दीच्या वेळी फ्रीक्वेन्सी अचानक गप्प होते.
- उत्तर देऊन झाल्यावर कॉकपिटमध्ये दोघं एकमेकांकडे बघतात: "किती म्हणाला, दोन हजार की तीन?"
- सूचना स्वच्छ ऐकली, बरोबर वाचून दाखवली, तरीही हातून भलतंच झालं.

पहिलं आणि चौथं लक्षण बहुधा यंत्राचं किंवा अंगठ्याचं. दुसरं आणि तिसरं सवयीचं. पाचवं लक्षण दिसलं की त्याच क्षणी विचारून घ्या, त्याला निदान लागत नाही. सहावं सगळ्यांत अवघड, कारण तिथे रेडिओ, कान आणि इंग्रजी तिन्ही शाबूत असतात.

१. पिना, माइक, स्क्वेल्च

इंजिन सुरू होण्याआधीची तपासणी. सेसना १५२, १७२ सारख्या विमानांत हेडसेटला दोन पिना असतात. जाड, ०.२५ इंचाची पिन ऐकण्याची. बारीक, ०.२०६ इंचाची पिन माइकची. बारीक पिन अर्धी बाहेर सरकली तर ऐकू सगळं येतं, फक्त तुमचा आवाज तुटक जातो किंवा जातच नाही. टॉवरला वाटतं तुम्ही उत्तर देत नाही, तुम्हाला वाटतं टॉवर दुर्लक्ष करतोय. दोन्ही पिना टक्क होईपर्यंत आत दाबा.

माइक ओठांपासून पाव इंचावर हवा. तो हनुवटीखाली लोंबत असेल तर आवाज चढवून उपयोग नाही. गोंगाट गाळणारा माइक दोन्ही बाजूंनी सारखाच येणारा आवाज कापतो आणि एकाच बाजूनं जवळून येणारा पुढे पाठवतो. माइक लांब गेला की तुमचा आवाजही त्याच्या लेखी इंजिनाचाच गोंगाट होतो. बोलायची बाजू ओठांकडे आहे ना, तेही बघा. उधारीच्या हेडसेटमध्ये ती उलटी वळलेली सापडते.

स्वतःचा आवाज कानात येतोय म्हणजे प्रक्षेपण होतंय, असं मात्र धरू नका. इंटरकॉम असलेल्या विमानात तुमचा आवाज इंटरकॉममधूनच कानात फिरतो, रेडिओ बंद असला तरी. खात्री करायची असेल तर बटण दाबल्यावर रेडिओच्या डिस्प्लेवर प्रक्षेपणाची खूण उमटते का ते बघा. अनेक संचांत ती इंग्रजी "टी" असते.

नंतर स्क्वेल्च, म्हणजे कोणी बोलत नसताना खरखर दाबणारं नियंत्रण. ते उघडून खरखर ऐका. खरखर आली म्हणजे रिसीव्हर, आवाजाची चकती आणि ऑडिओ पॅनेल ठीक. खरखर नाही म्हणजे टॉवर गप्प नाही, तुम्ही बहिरे आहात. शेवटी ऑडिओ पॅनेल: बोलताय कॉम १ (पहिल्या रेडिओ संचा) वर आणि फ्रीक्वेन्सी लावलीय कॉम २ वर, हा घोळ सगळ्यांत जुना. फ्रीक्वेन्सी स्टँडबायमध्येच राहिली आणि फ्लिप-फ्लॉपचं बटण दाबायचं राहिलं, हा त्याचा धाकटा भाऊ.

२. अंगठा

पीटीटी, म्हणजे बोलण्यासाठी दाबायचं बटण, पूर्ण दाबा, अर्धा श्वास थांबा, बोला, बोलून संपल्यावर सोडा. ऐकायला हे बालवाडीतलं वाटतं, पण वरचं पहिलं लक्षण निम्म्या वेळा इथेच सुटतं. घाईचा अंगठा दोन ठिकाणी कापतो. बटण दाबायच्या आत बोलायला लागलात तर तुम्ही कोणाला हाक मारताय ते जातं. शेवटचा शब्द पुरा होण्याआधी सोडलंत तर रीडबॅकमधलं तुमचं कॉलसाइन जातं, कारण ते रीडबॅकच्या शेवटी येतं. कंट्रोलरला आकडे मिळतात, पण ते कोणी म्हटले ते कळत नाही. दुसरं विमान त्याच आकड्याची वाट बघत असेल तर पुढची गडबड इथूनच सुरू होते.

फ्रीक्वेन्सी बदलली की लगेच बोलू नका. दोन-तीन सेकंद ऐका. कंट्रोलरनं कोणाला तरी सूचना दिलीय आणि रीडबॅक यायचा आहे, असं असेल तर तुमचा "गुड मॉर्निंग" नेमका त्या रीडबॅकवर पडतो. विमानांचे व्हीएचएफ रेडिओ एएम पद्धतीचे असतात. दोघं एकदम बोलले तर कानात शिट्टीसारखी किंचाळी येते. ती ऐकलीत तर "ब्लॉक्ड" म्हणून सांगा. ज्यांचे आवाज आपटले त्या दोघांना स्वतःला ती ऐकू येत नाही, तिसऱ्यालाच येते.

बटण अडकून राहिलं तर सगळी फ्रीक्वेन्सी बंद पडते आणि हे ज्याच्यामुळे झालं त्यालाच कळत नाही. काही नव्या संचांत अर्ध्या मिनिटाच्या आसपास प्रक्षेपण आपोआप तुटतं, जुन्यांत नाही. फ्रीक्वेन्सी विचित्र शांत झाली की आधी स्वतःच्या डिस्प्लेवरची खूण बघा. ती पेटलेली असेल तर बटण हलवून सोडवा. सुटत नसेल तर माइकची बारीक पिन उपसा. प्रक्षेपण तरीही थांबत नसेल तर दोष बटणाच्या तारेत आहे. तो संच बंद करून दुसऱ्यावर जा.

बोलण्याचा वेग मिनिटाला १०० शब्दांच्या वर जाऊ नये, असं इकाओच्या (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या) परिशिष्ट १० मध्ये स्पष्ट आहे. मुंबईच्या फ्रीक्वेन्सीवर हे सांगणं विनोदी वाटेल. एका वेळी एकच रनवे वापरून दिवसाला नऊशेच्या आसपास विमानं हाताळणाऱ्या ठिकाणी कोणाला उसंत असते? पण वेगानं बोलून वाचवलेले दोन सेकंद एका "से अगेन"मध्ये व्याजासकट परत जातात.

३. कॉलसाइन

भारतातल्या विमानांची नोंदणी व्हीटी आणि पुढे तीन अक्षरं. प्रशिक्षण संस्थेची विमानं पुष्कळदा एका ओळीत नोंदलेली असतात. मग सर्किटमध्ये (विमानतळाभोवतीच्या ठरलेल्या फेरीत) एकाच वेळी चार विमानं आणि चौघांची अक्षरं मागेपुढे. गोंदिया, शिरपूर, नागपूर इथे शिकणाऱ्यांना हे रोजचं आहे. एअरलाइनमध्येही तेच: एकाच कंपनीची दोन विमानं, आकडे ४३२ आणि ४२३, दोन्ही एकाच सेक्टरमध्ये. म्हणूनच कंपन्या आता कॉलसाइनच्या शेवटी अक्षरं घालतात, जेणेकरून आकड्यांची जुळी भावंडं कमी व्हावीत.

नियम सरळ आहे. कॉलसाइन छोटं करायचा पहिला हक्क कंट्रोलरचा. त्यानं छोटं केल्यावरच तुम्ही छोटं करायचं. फ्रीक्वेन्सीवर मिळतंजुळतं कॉलसाइन ऐकू आलं तर त्यानं छोटं केलं असलं तरी तुम्ही पूर्णच म्हणा. कोणी हरकत घेत नाही. आणि कॉलसाइनशिवाय दिलेला रीडबॅक म्हणजे पत्त्याशिवाय टाकलेलं पत्र.

दुसऱ्याची सूचना तुमच्या नावानं आली असं वाटलं तर रीडबॅक देऊन टाकू नका. "कन्फर्म, वॉज दॅट फॉर" आणि पूर्ण कॉलसाइन. दुसऱ्या कोणीतरी तुमची सूचना उचललेली ऐकलीत तर गप्प बसणं हा सभ्यपणा नव्हे. लगेच सांगा.

४. आकडे

इथे थोडं थांबू, कारण रीडबॅकमधल्या चुका बहुतेक आकड्यांतच निघतात.

"टू फाइव्ह झीरो" हे हेडिंग (दिशा) असू शकतं, वेग असू शकतो, फ्लाइट लेव्हलही (शेकडा फुटांत मोजलेली उंची) असू शकते. एका दमात तिन्ही दिले तर कान आकडे पकडतो आणि त्यांचे मालक अदलाबदल होतात. उपाय: रीडबॅकमध्ये आकड्याच्या आधी त्याचं नाव. "हेडिंग", "फ्लाइट लेव्हल", आणि वेगानंतर "नॉट्स". नुसते आकडे परत म्हटलेत तर तुमची चूक कंट्रोलरला पकडताच येणार नाही. आकडे बरोबर आहेत, फक्त तुमच्या डोक्यात ते चुकीच्या खणात पडलेत.

क्वालालंपूरच्या सुबांग विमानतळाजवळ १९ फेब्रुवारी १९८९ ला एक मालवाहू बोइंग ७४७ टेकडीवर आदळलं आणि चार जण गेले. कंट्रोलरनं "डिसेंड टू फोर झीरो झीरो" म्हटलं होतं, म्हणजे २,४०० फूट. कॉकपिटमध्ये पहिला "टू" आकडा म्हणून नव्हे तर "पर्यंत" अशा अर्थानं ऐकला गेला. उरले ४०० फूट. वैमानिकानं परत म्हटलं, "ओके, फोर झीरो झीरो." आणि ते कोणी दुरुस्त केलं नाही. म्हणून उंचीच्या आकड्याला "थाउजंड" आणि "हंड्रेड" लावायचं आणि त्याआधी "अल्टिट्यूड" किंवा "फ्लाइट लेव्हल". "टू थाउजंड फोर हंड्रेड फीट" याचा दुसरा अर्थ निघत नाही.

दहा हजार आणि अकरा हजार हीदेखील कुप्रसिद्ध जोडी, "वन झीरो" आणि "वन वन". अमेरिकेतल्या ऐच्छिक अहवालांत ती वारंवार आली आहे. फाइव्हचं "फाइफ" आणि नाइनचं "नाइनर" करण्यामागेही हेच. खरखरीत फाइव्ह आणि नाइन यांच्यातला स्वर तेवढा उरतो, व्यंजनं गळून पडतात.

परदेशी जाणाऱ्यांसाठी आणखी एक सापळा. आपल्याकडे क्यूएनएच, म्हणजे उंचीमापकात लावायचा हवेचा दाब, हेक्टोपास्कलमध्ये, अमेरिकेत इंच पाऱ्यात. पावसाळ्यात किनाऱ्याजवळ खोल कमी दाबाचा पट्टा असेल आणि क्यूएनएच ९९२ मिळाला, तर अमेरिकेत मुरलेला कान त्याला २९.९२ करून घेतो. २९.९२ इंच म्हणजे १०१३ हेक्टोपास्कल. फरक २१ हेक्टोपास्कल, म्हणजे उंचीत साधारण ६०० फूट, आणि तोही धोक्याच्या दिशेनं: विमान दाखवतंय त्यापेक्षा खाली असतं. क्यूएनएच ९९२ असेल तर रीडबॅकमध्ये "हेक्टोपास्कल" हा शब्द जोडा.

५. रीडबॅक आणि त्यानंतरचं ऐकणं

सूचना, रीडबॅक, आणि कंट्रोलरनं तो रीडबॅक ऐकून तपासणं, या तिघांनी मिळून एक फेरी पूर्ण होते. तिसरा भाग बिनआवाजी असतो. म्हणून तो झाला की नाही हे पायलटला कळत नाही, आणि इथेच सगळं अडतं. तुम्ही चुकीचा आकडा परत म्हटलात आणि कंट्रोलर तेवढ्यात कोऑर्डिनेशनच्या फोनवर होता, तर त्याच्या शांततेला तुम्ही होकार समजता. शांतता म्हणजे होकार नव्हे. मनात जरा जरी किंतु असेल तर "कन्फर्म" म्हणून तो आकडा पुन्हा विचारा. रीडबॅक दिला म्हणजे जबाबदारी त्याच्यावर गेली, हा समज काढून टाका.

शब्दशः परत म्हणायचंच अशा गोष्टी: रूट क्लिअरन्स (मार्गाची परवानगी), रनवेवर जाणं, उतरणं, उड्डाण, ओलांडणं, बॅकट्रॅक (रनवेवरून उलट दिशेनं जाणं) आणि रनवेच्या अलीकडे थांबणं, वापरातला रनवे, क्यूएनएच, ट्रान्सपॉन्डरचा (रडारला ओळख देणाऱ्या यंत्राचा) कोड, उंची, हेडिंग, वेग, ट्रान्झिशन लेव्हल (उतरताना क्यूएनएच लावायची पातळी). यातल्या कशालाही "रॉजर" हे उत्तर नाही. रॉजरचा अर्थ एवढाच की तुमचं शेवटचं बोलणं माझ्यापर्यंत पूर्ण पोचलं. समजलं की नाही, करणार की नाही, काहीच नाही. नंदीबैलानं मान डोलावली म्हणून कोणी त्याच्यावर विश्वास ठेवून व्यवहार करत नाही. "होल्ड शॉर्ट"ला आलेला रॉजर त्याच लायकीचा. कंट्रोलर असाल तर तो स्वीकारू नका, पूर्ण रीडबॅक मागा.

२७ मार्च १९७७ ला तेनेरीफेच्या रनवेवर दोन ७४७ एकमेकांवर आदळली, ५८३ माणसं गेली. त्या शेवटच्या मिनिटात इथवरचे जवळजवळ सगळे दोष एकत्र आले होते. रूट क्लिअरन्समध्ये "टेक-ऑफ" हा शब्द होता. डच वैमानिकांनी रीडबॅक दिला आणि शेवटी जोडलं की आम्ही आता टेक-ऑफवर आहोत. याचा अर्थ उड्डाणाला तयार की उड्डाण सुरू, ते कोणालाच नक्की कळलं नाही. टॉवरनं "ओके" म्हटलं. त्यापुढे त्यानं थांबायला सांगितलं, आणि त्याच क्षणी दुसऱ्या विमानानं म्हणजे पॅन अ‍ॅमनं आम्ही अजून रनवेवरच आहोत असं सांगितलं. दोन्ही आवाज एकावर एक पडले आणि डच कॉकपिटमध्ये सुमारे चार सेकंदांची किंचाळी तेवढी पोचली. त्यानंतरही त्यांच्या फ्लाइट इंजिनिअरनं विचारलं होतं की ते विमान रनवेवरून गेलं नाही का. त्याची शंका बाजूला सारली गेली.

तेव्हापासून "टेक-ऑफ" हा शब्द दोनच वेळा उच्चारायचा: उड्डाणाची परवानगी देताना आणि ती रद्द करताना. बाकी सगळीकडे "डिपार्चर". "रेडी फॉर टेक-ऑफ" म्हणणारा कॅडेट आजही भेटतो. त्याला टोका, पहिल्याच वेळी.

६. घातक शब्द

"गो अहेड": बोला, या अर्थानं दिलेला, आणि टॅक्सी करणाऱ्यानं (जमिनीवर विमान चालवत नेणाऱ्यानं) "पुढे चला" असा घेतलेला. जमिनीवर तर टाळाच.

"स्टँडबाय" म्हणजे थांबा, नंतर बोलतो. परवानगी नाही, नकारही नाही. "लाइन अप अँड वेट" म्हणजे रनवेवर जाऊन थांबा. अमेरिकेत २०१० पर्यंत त्याऐवजी "पोझिशन अँड होल्ड" होतं, तिथे शिकून आलेले जुने लोक अजून क्वचित चाचरतात. "अफर्मेटिव्ह"ऐवजी "अफर्म" म्हणा, कारण खरखरीत "अफर्मेटिव्ह" आणि "निगेटिव्ह" यांची शेपटी सारखी.

इंधनाबद्दल बोलताना शब्दाची निवड जिवावर बेतू शकते. २५ जानेवारी १९९० ला न्यूयॉर्कजवळ अव्हियान्का ५२ इंधन संपून कोसळलं, ७३ जण गेले. वैमानिकांनी "प्रायॉरिटी" मागितली होती, इंधन संपत आल्याचंही सांगितलं होतं. "इमर्जन्सी" हा शब्द काही त्यांनी उच्चारला नाही. कंट्रोलरसाठी प्रायॉरिटी ही एक विनंती, इमर्जन्सी ही आज्ञा. आता व्यवस्था अशी: ठरलेल्या विमानतळाखेरीज पर्याय उरला नाही आणि आणखी विलंब झाला तर राखीव इंधनाला हात लागेल, तेव्हा "मिनिमम फ्युएल". उतरताना अंतिम राखीव साठ्यापेक्षा कमी उरणार असं गणित निघालं की "मेडे मेडे मेडे फ्युएल". हा साठा जेटसाठी ३० मिनिटांचा, पिस्टन इंजिनासाठी ४५ मिनिटांचा. संकोच नको. आपल्याकडे "उगाच बभ्रा कशाला" ही वृत्ती रेडिओवरही डोकावते.

७. ऐकलं बरोबर, केलं चूक

हे सहावं लक्षण. रोज रनवे २७ मिळतो, आज सूचना १४ ची आली, तोंडानं "वन फोर" म्हटलं आणि विमान सवयीनं २७ कडे निघालं. तोंड आणि डोकं वेगळे धावतात. मुंबईसारख्या एकमेकांना छेदणाऱ्या रनवेंच्या ठिकाणी हे महागात पडतं.

उपाय कागदी आहे. टॅक्सी क्लिअरन्स लिहून घ्या, चार्टवर बोट ठेवून मार्ग मोठ्यानं म्हणा. दोन पायलट असतील तर एक जण उंची लावतो, दुसरा बोट दाखवून तीच उंची तोंडानं म्हणतो. एक जण एटिस (विमानतळाची ध्वनिमुद्रित माहिती) ऐकायला किंवा कंपनीशी बोलायला दुसऱ्या संचावर गेला असेल, तर परत आल्यावर मधल्या वेळात काय बदललं ते त्याला सांगायचं. दोघांनी वेगवेगळं ऐकलं असेल तर मतदान घेऊ नका. विचारा. सीनियर म्हणतो तेच बरोबर, हे गृहीत धरूनही नव्हे.

अटीची सूचना विशेष जपा: "बिहाइंड द लँडिंग एअरबस, लाइन अप बिहाइंड." अट रीडबॅकमध्ये आलीच पाहिजे, आणि ते विमान डोळ्यांना दिसलं पाहिजे. दिसत नसेल, किंवा दोन एअरबस दिसत असतील, तर हलू नका.

पुण्यात लोहगावला एटीसी हवाई दलाचं आणि गोव्यात दाबोळीला नौदलाचं आहे. लष्करी विमानं वेगळ्या फ्रीक्वेन्सीवर असू शकतात, तेव्हा संभाषणाचा अर्धाच भाग तुमच्या कानावर पडतो. बाकीचं चित्र मनानं भरू नका.

कंट्रोलरच्या बाजूचं थोडक्यात: एका दमात दोनपेक्षा जास्त सूचना नकोत, उतरून रनवेवर वेगात असलेल्या विमानाला लांबलचक टॅक्सी मार्ग नको, आणि रीडबॅक येत असताना पुढच्या विमानाच्या नोंदीच्या पट्टीवर लिहायला घेऊ नका. चुकलेला रीडबॅक पकडायची दुसरी संधी नसते.

८. आता इंग्रजी

वरचं सगळं तपासून झालं आणि तरीही ठरलेल्या शब्दांबाहेर गेलं की अडतं, तर भाषा. आंतरराष्ट्रीय उड्डाणासाठी इकाओची किमान पातळी ४ लागते. ती तीन वर्षं चालते, पातळी ५ सहा वर्षं, ६ ला पुन्हा परीक्षा नाही. पातळी ४ मिळाली म्हणजे इंजिनात पक्षी गेल्यावर ते सांगता येईलच असं नाही. सराव त्याचाच करा: आजारी प्रवासी, धूर, टायर फुटणं, रोज एक प्रसंग तीन वाक्यांत.

सोयीसाठी हिंदी-मराठीत सूचना देण्याघेण्याचा मोह टाळा. नमस्कार ठीक. १० सप्टेंबर १९७६ ला झाग्रेबवर दोन विमानं धडकली, १७६ जण गेले. शेवटच्या क्षणी कंट्रोलर एका विमानाशी स्थानिक भाषेत बोलत होता आणि दुसऱ्या विमानातल्या ब्रिटिश वैमानिकांना त्यातलं काही कळणं शक्य नव्हतं. फ्रीक्वेन्सी सगळ्यांची असते; तिसऱ्याला कळणं हाही सुरक्षेचा भाग.

हरियाणातल्या चरखी दादरीला १२ नोव्हेंबर १९९६ रोजी दोन विमानं हवेत धडकून ३४९ जण गेले. कझाक विमानाला १५,००० फुटांवर थांबायचं होतं, समोरून सौदी विमान १४,००० वर येत होतं. कझाक विमानात रेडिओवर बोलणारा माणूस वेगळा होता. त्याच्यासमोर स्वतःची उपकरणं नव्हती, वैमानिकांच्या खांद्यावरून बघावं लागे. मीटरची सवय, इंग्रजी बेताचं, आणि बोलणारा एक, उडवणारा दुसरा. तिथला धडा फक्त भाषेचा नाही: ज्यानं ऐकलं त्याच्याकडून ते ज्याच्या हातात विमान आहे त्याच्यापर्यंत कसं पोचतं, ते तुमच्या कॉकपिटमध्येही तपासा.

कुठे थांबायचं आणि कोणाला बोलवायचं

हवेत असताना रेडिओ दुरुस्त करत बसू नका. आधी विमान उडवा, मग दिशा, मग बोलणं. आवाज, फ्रीक्वेन्सी, दुसरा संच, दुसरा हेडसेट, आधीची फ्रीक्वेन्सी, १२१.५ (आणीबाणीची फ्रीक्वेन्सी). एवढं करूनही उत्तर नसेल तर स्क्वॉक ७६०० (ट्रान्सपॉन्डरचा "रेडिओ निकामी" कोड), "ट्रान्समिटिंग ब्लाइंड" म्हणून हेतू सांगा, आणि टॉवरचे दिवे बघा: स्थिर हिरवा म्हणजे उतरा, लुकलुकता हिरवा, उतरण्यासाठी परत या, स्थिर लाल, इतरांना वाट द्या आणि घिरट्या घाला, लुकलुकता लाल, विमानतळ असुरक्षित, उतरू नका. उडालेलं सर्किट ब्रेकर एकदाच दाबून बघायचं आणि तेही विमानाच्या पुस्तकात परवानगी असेल तरच. पुन्हा उडालं तर तसंच सोडा.

त्याआधी एक गणित मात्र करा. व्हीएचएफ सरळ रेषेत जातं. फुटांतल्या उंचीचं वर्गमूळ गुणिले १.२३, एवढे नॉटिकल मैल पल्ला. १,००० फुटांवर जेमतेम ३९ मैल, आणि मध्ये सह्याद्रीची रांग असेल तर त्याहूनही कमी. बिघाड समजण्याआधी थोडं वर जाऊन हाक मारा.

प्लग आणि हेडसेट बदलूनही दोष राहिला तर संचाच्या स्क्रूला हात लावू नका. ते काम बी-२ (विमानातल्या इलेक्ट्रॉनिक्सचा) परवाना असलेल्या इंजिनिअरचं. अ‍ँटेनाच्या केबलचा दोष, अडकणारं पीटीटी, गाळणी खराब झाल्यामुळे अल्टरनेटरबरोबर चढणारी शिट्टी, यांना बेंचवरची उपकरणं लागतात. ठरावीक आवाजाचाच कंट्रोलर ऐकू येत नसेल आणि बाकीचे येत असतील तर रेडिओला दोष न देता कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे श्रवणचाचणी करून घ्या, पुढच्या मेडिकलची वाट न बघता. आणि रनवेवर चुकून शिरणं किंवा दिलेली उंची मोडणं घडलं असेल तर ते आपापसांत मिटवू नका. संस्थेच्या सेफ्टी विभागाकडे आणि त्यांच्यामार्फत डीजीसीएकडे (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे) कळवा. टेप ऐकल्याशिवाय नेमकी फेरी कुठे तुटली ते कोणालाच सांगता येणार नाही, आणि टेप कायम राहत नाही.

टेक लॉगमध्ये (विमानाच्या दोषनोंदवहीत) "रेडिओ खराब" एवढंच लिहू नका. हँगरमध्ये, टॉवरपासून हाकेच्या अंतरावर तो ठणठणीत चालतो आणि "ग्राउंड चेक सॅटिस्फॅक्टरी" असा शेरा मारून विमान परत तुमच्याच नशिबी येतं. लिहायचं असं: कोणता संच, कोणती फ्रीक्वेन्सी, किती उंची आणि किती मैल, ऐकू येत नव्हतं की जात नव्हतं, आरपीएम वाढवल्यावर फरक पडला का, दुसऱ्या हेडसेटवर तेच झालं का, आणि टॉवरनं तुमची वाचनीयता (आवाज किती स्पष्ट पोचतो ते) पाचपैकी किती सांगितली.